धरायला कुणीतरी

किशनरावांचा आवाज एके काळी विष्णुपुरीत सगळ्यांना ठाऊक होता. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजायचा, पण किशनरावांचा भोंग्यावर विश्वास नव्हता. ते स्वतः कठड्यापाशी जाऊन हाक मारायचे. खाली गोदावरीच्या पात्रात जाळी टाकून बसलेली माणसं भोंग्याला उठली नाहीत तरी त्या हाकेला उठायची.

नोकरीची थोडीच वर्षं राहिली असताना त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पुढे पायही. नांदेडच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, नोकरी लवकर सोडावी लागली, आणि हळूहळू तो आवाज आत ओढला गेला. बोलायचे ते नीट, पूर्ण वाक्य बोलायचे. पण ऐकणाऱ्याला कान तोंडाजवळ न्यावा लागायचा. चेहराही तसाच घट्ट झाला. हसले तरी हसल्यासारखं दिसायचं नाही. त्यांच्या बायकोला, सिंधुताईंना तेवढं कळायचं. डोळ्यांच्या कडा जराशा बारीक झाल्या म्हणजे माणूस खूश आहे.

सगळ्यात वाईट झालं ते चालणं. उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. वरचं अंग पुढे झुकलेलं आणि पाय जागच्या जागी, असे ते दारात उभे राहायचे. सिंधुताई पुढे होऊन म्हणायच्या, "उचला, उजवा उचला." किशनराव म्हणायचे, "मी उचलून राहिलो. तोच ऐकत न्हाई."

एका सकाळी सिंधुताई गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आल्या, तर नवरा घरात नव्हता. लेकीची, पुनमची, कॉलेजातली जुनी सायकल भिंतीला टेकून असायची, तीही नव्हती. त्या धावत फाटकाबाहेर आल्या आणि तिथंच थांबल्या. गल्लीच्या टोकाकडून किशनराव सायकलवर येत होते. पाठ ताठ, पाय गोल फिरत होते, एकदाही अडत नव्हते. घरातल्या घरात मोरीपर्यंत जायला ज्याला भिंत धरावी लागायची, तो माणूस वाऱ्यासारखा त्यांच्या अंगावरून गेला.

"अहो! थांबा की! अहो!"

थांबता आलं नाही. शेजारच्यांच्या मेंदीच्या कुंपणात ते सायकलसकट शिरले. सिंधुताईंनी फांद्या बाजूला केल्या तेव्हा गालावर ओरखडे होते आणि डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या होत्या.

"बघितलंस का?"

"काय बघायचं? मरायचं होतं का?"

"पाय चालून राहिले, सिंधु."

चारचौघांत त्यांनी कधी बायकोचं नाव घेतलं नव्हतं. सिंधुताई त्यांच्याजवळ कुंपणातच बसल्या आणि रडायला लागल्या.

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. या आजारात काही जणांना चालता येत नाही, पण सायकल येते, असं ते म्हणाले. सपाट रस्ता हवा, सोबत कुणी हवं. आणि जमलं तर तीनचाकी घ्या, असंही म्हणाले. घरी येताना रिक्षात सिंधुताईंनी तीनचाकीचा विषय काढला.

"मी काय भाजी विकायला निघालो का?" किशनराव म्हणाले. तो विषय तिथंच संपला.

अडचण वेगळीच निघाली. थरथर सुरू झाली की उजवा पाय पॅडलवरून घसरायचा आणि पॅडल उलटून नडगीवर बसायचं. दोनदा टाके पडले. सिंधुताईंनी जुन्या ट्यूबच्या पट्टीनं पाय बांधून बघितला. पट्टी ढिली व्हायची. त्याच सुमाराला लातूरहून पुनम आणि जावई बालाजी आले होते. बालाजी लातुरात सकाळी सायकल चालवणाऱ्यांच्या टोळीत होता. त्यानं सासऱ्यांची नडगी बघितली आणि पुढच्या फेरीत आपली जुनी गिअरची सायकल गाडीवर बांधून आणली. सोबत क्लिपवाले पॅडल आणि त्याचे बूट. बुटाच्या तळाला एक लोखंडी पट्टी होती. ती पॅडलच्या खोबणीत दाबली की खट्ट आवाज व्हायचा आणि बूट जागेवर बसायचा. मग पाय कितीही हलला तरी सुटत नाही.

"अन् काढायचा कसा?" सिंधुताईंनी विचारलं.

"टाच बाहेर फेकायची, मामी. किल्ली फिरवल्यासारखी. हे शिकताना सगळेच पडतात. मी तर पाच नंबर चौकात सिग्नलला उभ्या उभ्या आडवा झालो. सगळं लातूर बघत होतं."

किशनरावांच्या डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या.

अंगणातल्या भिंतीशी सायकल उभी करून शिकवणी सुरू झाली. पाय अडकवणं त्यांना लवकर आलं. खट्ट आवाज झाला की ते मान हलवायचे, आता हा पाय कुठं जात नाही म्हणून. सुटणं मात्र आलं नाही. "टाच बाहेर, मामा," बालाजी म्हणायचा. "टाच बाहेर," तेही म्हणायचे. तोंडाला यायचं, पायाला यायचं नाही. कधी डावा सुटायचा. पण सायकल थांबली की अंगच थिजायचं आणि सुटलेला पाय जमिनीला लागायच्या आत सायकल कलंडायची. बालाजीनं पॅडलचे स्क्रू ढिले करून बघितले. मग थरथरीत उजवा पाय पुन्हा निसटायला लागला. स्क्रू परत आवळले.

शेवटी शिकल्या त्या सिंधुताई. ज्या बाईनं जन्मात सायकलला हात लावला नव्हता, तिला सायकल किती वेगानं आली तर किती पावलं पुढं जायचं, हे कळायला लागलं. किशनराव गल्लीच्या तोंडाशी आले की पायडल मारणं सोडायचे. सिंधुताई फाटकातून निघून दोन पावलं त्यांच्या बरोबरीनं धावायच्या, एक हात हँडलला, दुसरा त्यांच्या कमरेला घालायच्या आणि सगळा भार अंगावर घेऊन त्यांना भिंतीला टेकवायच्या. मग खाली बसून दोन्ही हातांनी त्यांची टाच धरायच्या आणि घट्ट बसलेलं झाकण फिरवावं तशी बाहेर फिरवायच्या. तेवढा वेळ तोल राहावा म्हणून किशनराव त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांनी बायकोच्या डोक्यावर असा हात कधी ठेवला नव्हता. सिंधुताई पाय सुटल्यावरही लगेच उठायच्या नाहीत.

असा पावसाळा गेला, हिवाळा आला. गल्लीच्या पलीकडे मोठं मैदान होतं आणि त्याच्याभोवती गुळगुळीत रस्ता. सकाळी तिथं फिरणाऱ्यांची गर्दी असायची. किशनराव रोज दोन-चार फेऱ्या मारून घरी यायचे. मैदानाकडेच्या बाकावर ईश्वरप्पा म्हणून एक जण बसायचे. मूळचे उदगीरचे, तिथल्या मोंढ्यातलं दुकान पोराच्या हवाली करून आता इथं विष्णुपुरीत मुलीकडे राहायचे. बोलके माणूस. किशनराव समोरून गेले की ते दर फेरीला हात वर करून ओरडायचे, "वा, किशनराव, वा!" किशनराव मान हलवून पुढं जायचे. दोघांची ओळख एवढीच, पण रोजची. ईश्वरप्पांनी त्यांना नेहमी चालत्या सायकलवरच बघितलं होतं. ते उतरतात कसे, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

हिवाळ्यात सिंधुताईंचा उजवा खांदा धरला. आधी वेणी घालता येईना, मग वरच्या फळीवरचा डबा निघेना. डॉक्टर म्हणाले, या हातानं वजन ओढायचं नाही. त्यांनी घरी सांगितलं नाही. डावा हात पुढं करून धरायला लागल्या.

"खांदा दुखून राहिला का?" एकदा किशनरावांनी विचारलं.

"न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी किशनरावांनी बूट मागितले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला आणि त्यांना अंथरुणात कूस बदलता येईना. हाताचा घास तोंडापर्यंत जाईना. मग सिंधुताईंनीच बूट आणले, त्यांच्यापुढं बसून पायात चढवले आणि म्हणाल्या, "चला. माझं काय दुखायचं ते दुखू द्या."

पुनमला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वडिलांची ही अवस्था बघून तिनंच लातूरला राहायचं ठरवलं. दिवस भरत आले तशी आईनं तिकडं जावं असं ठरलं. किशनरावांची थोरली बहीण भीमाआक्का नायगावजवळच्या गावाहून आली. गुडघ्यांनी थकलेली, पण स्वयंपाकपाणी बघेल अशी. निघायच्या आधी सिंधुताईंनी बूट कपाटाच्या वर ठेवले.

"मी येईस्तोवर सायकलला हात लावायचा न्हाई."

"हाव."

"माझ्याकडं बघून सांगा."

"हाव म्हणलं की."

सिंधुताई गेल्या. दिवस भरूनही पुनमचं बाळंतपण लांबत गेलं. इकडे किशनरावांचं अंग लाकूड व्हायला लागलं. भीमाआक्का त्यांना उठवायला जायची आणि दोघंही पलंगावर बसायची.

मग एका सकाळी, उजाडता उजाडता, बालाजीचा फोन आला. मुलगी झाली होती. पुनम बरी होती. भीमाआक्कानं फोन भावाच्या कानाला लावला. किशनराव बराच वेळ काहीबाही बोलले. पलीकडून बालाजी सारखं म्हणत होता, "मामा, ऐकू येत न्हाई. मामा, जरा मोठ्यानं." शेवटी आक्कानं फोन घेतला आणि स्वतः ओरडून सांगितलं, "लई आनंद झाला म्हणतेत!"

किशनराव चहा झाल्यावर म्हणाले, "आक्का, कपाटावरचे बूट दे."

"कामून?"

"मैदानावर अप्पा असतेत. त्यांना सांगून येतो. ही बातमी मला माझ्या तोंडानं कुणाला तरी सांगायची हाय."

"सिंधुनं नको म्हणलंय. अन् तुला उतरवणार कोण?"

"अप्पा हायेत की. धरतेत. एवढं काय त्याच्यात."

भीमाआक्काला धाकट्या भावाला नाही म्हणायची सवय नव्हती. आणि अंगणात सायकलवर बसवताना त्यांचा चेहरा असा कधी नव्हे तो सैल झाल्यासारखा तिला वाटला. तिनं भिंतीच्या आधारानं सायकल धरली, दोन्ही पाय खट्ट खट्ट बसले आणि किशनराव निघाले.

पायडल मारायला लागल्याबरोबर अंग मोकळं झालं. मैदानाच्या वळणावर ईश्वरप्पा दिसले. किशनरावांनी सगळा जोर छातीत गोळा केला.

"अप्पा, नात झाली!"

ईश्वरप्पांना 'नात' एवढं ऐकू आलं, आणि तेवढं पुरलं. ते बाकावरून उठूनच उभे राहिले. "अरे वा! पेढे पाहिजेत, किशनराव! पेढे!"

किशनराव पुढं गेले. बातमी पोचली होती. ती फेरी त्यांनी फार सुखात मारली.

दुसऱ्या फेरीला बाकाजवळ येताना त्यांनी पायडल मारणं सोडलं. "अप्पा, धरा," ते म्हणाले.

ईश्वरप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. तोंड हललेलं दिसलं. चेहरा रोजचाच होता. "हाव हाव," ते हसून ओरडले, "ऐकलं, ऐकलं! नात झाली! पेढे खाल्ल्याबिगर सोडणार न्हाई!"

सायकल हळू झाली, डगमगली. पडायच्या आत किशनरावांना पुन्हा पायडल मारावं लागलं.

तिसऱ्या फेरीला त्यांनी हँडलवरचा एक हात सोडून पुढं केला. "अप्पा, धरा मला." ईश्वरप्पांनी आपले दोन्ही हात वर केले आणि शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाले, "बघा, किती खूश हायेत. दर फेरीला सांगून राहिले."

किशनराव फिरत राहिले. कानात गाणी घालून पळणारी एक पोरगी आली, तिला ते म्हणाले, "बाई, धर." ती बाजूला झाली आणि तिनं त्यांना वाट दिली. दोन मास्तर बोलत चालले होते. ते रामराम म्हणाले. किशनरावांनी दिव्याचा खांब धरायचं ठरवलं. खांबाजवळ आले, हात उचलला, पण हात पोचेपर्यंत खांब मागं गेला. मग ते गल्लीत वळून घरापर्यंत गेले. फाटकात भीमाआक्का उभी होती. सायकल अंगावर येते म्हटल्यावर ती घाबरून भिंतीला चिकटली. किशनराव तिच्यासमोरून वळले आणि पुन्हा मैदानाकडं निघाले.

याच धरणाच्या पायथ्याशी, याच गावात, त्यांच्या एका हाकेवर नदी रिकामी व्हायची. आता हाताच्या अंतरावरचा माणूस हसत त्यांना निरोप देत होता. ऊन चढायला लागलं तसे फिरणारे कमी झाले. ईश्वरप्पाही उठले, लांबूनच हात जोडले आणि ओरडले, "उद्या पेढे, बरं का!"

किशनरावांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. मैदानाच्या कडेला मुरमाचा ढीग पडला होता. मऊ असेल, त्याच्यावर पडावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि सायकल तिकडं घातली. पुढचं चाक ढिगाच्या कडेवरून घसरलं आणि ते उजव्या अंगावर, नालीच्या सिमेंटच्या काठावर पडले.

माणसं धावली. दोन्ही पाय अजून पॅडललाच अडकलेले होते. कुणी पाय ओढायला लागलं, कुणी सायकल. किशनराव कळवळून सांगत होते, "बूट सोडा, बूट." कुणाला कळत नव्हतं. शेवटी दूध घालायला आलेल्या एका बाईनं खाली बसून त्यांच्या तोंडाला कान लावला आणि ओरडली, "अरे, बूट सोडा म्हणून राहिले!" मग बुटांचे बंद सोडून पाय काढले. बूट सायकललाच राहिले.

खुब्याचं हाड मोडलं होतं.

सिंधुताईंना दुपारी कळलं. नात नुकतीच त्यांच्या मांडीवर दिली होती. पुनमनं आईच्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू जा." बालाजी गाडी काढतो म्हणाला, त्यांनी त्याला पुनमपाशी थांबायला लावलं. अहमदपूर, लोहा, सगळी वाट त्या बसमध्ये खांदा दाबून बसल्या होत्या. दवाखान्यात पोचल्या तेव्हा बरंच काही बोलायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पलंगावरचा माणूस बघितल्यावर त्यातलं काहीच आठवेना.

किशनरावांनी बोटानं जवळ बोलावलं. त्यांनी कान नेला.

"कशी हाय?"

"तुमच्या आईवर गेलीया. कपाळ सगळं तसंच."

डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या. मग थोड्या वेळानं, थांबत थांबत, त्यांनी सगळं सांगितलं. "अप्पाला म्हणलं धरा. तो म्हणला पेढे." हे त्यांनी दोनदा सांगितलं. तक्रार म्हणून नाही; घडलेलं आपल्यालाच अजून खरं वाटत नसल्यासारखं.

"मी असते तर..." सिंधुताई म्हणाल्या.

"तू नव्हतीस," ते म्हणाले, आणि दुखऱ्या खांद्यावर दाबलेला त्यांचा हात आपल्या हातानं खाली काढला. "दाबू नको तेवढा."

ऑपरेशन झालं, घरी आणलं. पण त्यानंतर ते उठले नाहीत. घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी ईश्वरप्पा पत्ता विचारत आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"नजर लागली हो, वहिनी. त्या दिवशी किती खूश होते म्हणून सांगू! मी समोर होतो ना. दर फेरीला, दर फेरीला मला सांगायचे, अप्पा, नात झाली. हात सोडून सांगत होते. असं आनंदी माणूस मी बघितलं न्हाई. मी निघालो अन् मागं हे झालं. मी अजून थोडा वेळ बसलो असतो तर निदान उचलायला तरी असतो."

सिंधुताईंच्या तोंडाशी आलं होतं. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. किशनरावांचा चेहरा हलला नाही. चादरीवरच्या उजव्या हाताची थरथर चालूच होती, पण त्यातलं एक बोट वेगळं, इकडून तिकडं हललं. नको.

"हाव," सिंधुताई म्हणाल्या. "लई खूश होते त्या दिवशी."

ईश्वरप्पांनी पुडा सोडून एक पेढा चुरला आणि थोडासा किशनरावांच्या ओठांना लावला. किशनराव काहीतरी बोलले. ईश्वरप्पांनी पटकन विचारलं, "काय म्हणतेत?"

सिंधुताईंनी कान नेला. "बसा म्हणतेत. चहा घेऊन जा म्हणतेत."

त्या चहा करायला आत गेल्या आणि पाणी उकळेपर्यंत ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

उन्हाळा लागायच्या आत किशनराव गेले. छातीत कफ झाला, तो उतरला नाही. नात त्यांना दोनदा भेटली. दोन्ही वेळा ती झोपलेली होती. बालाजीनं ती सायकल परत नेली नाही आणि त्यानंतर स्वतःची चालवणंही सोडलं. त्याला कुणी बोललं नव्हतं, सिंधुताईंनी तर अजिबात नाही. तो सासूच्या समोर मान वर करून बसायचा नाही एवढंच.

सिंधुताई आता लातूरला पुनमकडे असतात. खांदा पुष्कळ सुधारला आहे. नातीला कडेवर घेऊन दूध आणायला जातात. वाटेत कुणी म्हातारं माणूस पुटपुटत शेजारून गेलं की त्या थांबतात, चार पावलं परत जातात आणि विचारतात, "काय म्हणालात?" पुनमला याची लाज वाटते. ती म्हणते, "आई, लोक काय म्हणतील?" बहुतेक वेळा काही नसतंच. कुणी बस किती वाजता म्हणून विचारत असतं, कुणी आपल्याशीच बोलत असतं. सिंधुताई ते नीट ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुढं चालायला लागतात.